कुठे ठेवायचं आणि केव्हा बदलायचं

२ जून २०१९, रविवार. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे पावणेबारा वाजले होते. आपल्याकडे मध्यरात्र उलटून पाव तास झाला होता. गूगलच्या एका ठिकाणी देखभालीचं ठरलेलं काम सुरू झालं. अशी कामं तिथे नेहमीच चालतात आणि त्यांची पूर्वतयारी माणसं हाताने करत नाहीत. देखभाल कुठे आहे हे कळलं, की एक स्वयंचलित प्रणाली तिथे चालणाऱ्या कामांची यादी करते आणि एकेक काम थांबवत जाते. त्या दिवशी या यादीत नेटवर्कचे मार्ग ठरवणारं नियंत्रक सॉफ्टवेअरही आलं. ते ज्या गटांत बांधलेलं होतं, त्याच गटांत दुसऱ्या ठिकाणांचे नियंत्रकही होते. एका जागेसाठी निघालेल्या आदेशाने अनेक जागांचे नियंत्रक एकदम बंद पडले.

पहिली काही मिनिटं वापरकर्त्यांना काही जाणवलं नाही. नियंत्रक नसला तरी आधी ठरलेल्या मार्गांवरून वाहतूक काही काळ चालू राहावी, अशी सोय त्या नेटवर्कमध्ये केलेली होती. ती मुदत संपली तशी या ठिकाणांना जोडणारे मार्ग मागे घेतले गेले आणि नेटवर्कची क्षमता एकदम घसरली. यूट्यूब, जीमेल आणि गूगल क्लाउडवर चालणाऱ्या अनेक कंपन्यांच्या सेवा रखडल्या. बिघाडाची सूचना अभियंत्यांना दोन मिनिटांत मिळाली होती. पण तो शोधण्याची त्यांची साधनंही त्याच तुंबलेल्या नेटवर्कवरून चालत होती. सगळं पूर्ववत व्हायला काही तास गेले.

यात कुठे आग लागली नव्हती, केबल तुटली नव्हती, कुणी हल्लाही केला नव्हता. गूगलने नंतर प्रसिद्ध केलेल्या अहवालात तीन कारणं दिली आहेत. देखभाल आली की नियंत्रकांनी थांबावं, अशी मांडणी होती. ज्या समूहांवर हे नियंत्रक चालत होते, ते एका क्वचित होणाऱ्या देखभालीच्या प्रकारासाठी पात्र धरले गेले होते. आणि वेगवेगळ्या ठिकाणचे समूह एकाच वेळी बंद करू देणारा दोष त्या स्वयंचलित प्रणालीत होता. पहिल्या दोन गोष्टी एरवी निरुपद्रवी होत्या. तिसरीशी गाठ पडली आणि घात झाला.

क्लाउड चालवणाऱ्यांसमोर रोज दोन प्रश्न असतात. कोणतं काम कोणत्या यंत्रावर, कोणत्या इमारतीत, कोणत्या शहरात ठेवायचं? आणि त्या यंत्रात, जोडणीत किंवा सॉफ्टवेअरमध्ये बदल केव्हा व कोणत्या क्रमाने करायचा? बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न एका टीमकडे असतो आणि दुसरा दुसऱ्या टीमकडे. मला हा मुळात एकच प्रश्न वाटतो. आज आपण जी मांडणी करतो, तिच्यातच उद्याचा बदल किती निर्धोक होणार हे ठरून जातं. आणि या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच चलनात द्यावी लागतात: मोकळी जागा.

बदलाला इतकं महत्त्व देण्याचं कारण आहे. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग’ या पुस्तकात नोंद आहे, की सेवा बंद पडण्याचे सुमारे ७० टक्के प्रसंग चालू यंत्रणेत केलेल्या बदलामुळे येतात. त्याच वर्षी गूगलच्या नेटवर्कमधल्या शंभरहून अधिक मोठ्या बिघाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या बऱ्याच बिघाडांच्या वेळी नेटवर्कवर देखभालीचं किंवा वाढीचं काम चालू होतं, असं त्यात दिसलं.

भरायचं किती?

आधी मांडणीचा प्रश्न पाहू. समजा एका सर्व्हरमध्ये १६ कोअर आणि ६४ जीबी मेमरी आहे. त्यावर एक डेटाबेस ठेवला. त्याला ४ कोअर आणि ४८ जीबी लागते. उरले १२ कोअर आणि १६ जीबी. आता ज्याला २४ जीबी हवी आहे असं काम आलं, तर ते इथे बसत नाही, आणि १२ कोअर नुसते पडून राहतात. पण ज्याला १२ कोअर आणि जेमतेम १२ जीबी लागते, असं व्हिडिओवर प्रक्रिया करणारं काम आलं, तर तोच सर्व्हर जवळजवळ पूर्ण कामी येतो. एक संसाधन संपल्यामुळे दुसरं अडकून पडणं हा क्लाउडमधला रोजचा तोटा आहे. त्याचं बिल मात्र विजेच्या आणि भांडवलाच्या रूपाने येतच राहतं.

इथे कोअर आणि मेमरी या दोनच गोष्टी धरल्या. प्रत्यक्षात डिस्क, नेटवर्कची रुंदी, रॅकला मिळणारी वीज आणि थंडाव्याची क्षमता यांचाही हिशेब करावा लागतो. सगळ्या शक्यता तपासून सर्वोत्तम मांडणी निवडू म्हटलं, तर ते जमत नाही. पाच यंत्रांवर वीस कामं ठेवण्याचे प्रकार ९५ लाख कोटींच्या घरात जातात. गणितात या कोड्याला बिन पॅकिंग म्हणतात, आणि त्याचं अचूक उत्तर नेहमीच झटपट देणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. साध्या रीती मात्र बऱ्यापैकी जवळ पोचतात. मोठी कामं आधी घ्यायची आणि प्रत्येक काम पहिल्या मोकळ्या जागेत ठेवायचं, ही त्यातली एक रीत. मोजायचं संसाधन एकच असेल, तर ही रीत मोठ्या संख्यांमध्ये सर्वोत्तम मांडणीच्या ११/९ पटीपेक्षा, म्हणजे सुमारे २२ टक्क्यांपेक्षा, अधिक जागा घेत नाही, असं डेव्हिड जॉन्सन यांनी १९७३मध्ये सिद्ध केलं.

मोठ्या कंपन्या हीच वृत्ती स्वीकारतात: परिपूर्ण उत्तराच्या मागे लागायचं नाही, चांगलं उत्तर वेळेत मिळवायचं. कोणतं काम कोणत्या यंत्रावर चालवायचं हे ठरवणारी गूगलची बोर्ग ही प्रणाली याचं प्रसिद्ध उदाहरण आहे. तिच्याबद्दलचा शोधनिबंध २०१५मध्ये आला, आणि तिच्या अनुभवातून घडलेली कुबरनेटीस ही तशीच प्रणाली २०१४मध्येच सर्वांसाठी खुली झाली होती. बोर्गच्या एका समूहात साधारण दहा हजार यंत्रं असतात. नवं काम आलं की बोर्ग सगळी यंत्रं तपासत बसत नाही. यादृच्छिक क्रमाने पाहत जाते आणि पुरेशी योग्य यंत्रं सापडली, की त्यांना गुण देऊन निवड करते. आधी काढलेले गुणही जपून ठेवते. अशा युक्त्या वापरून एका समूहाची सगळी कामं नव्याने मांडायला काहीशे सेकंद लागत. त्या युक्त्या काढून टाकल्या, तेव्हा तीन दिवसांनंतरही मांडणी पूर्ण झाली नव्हती.

त्याच निबंधातले आणखी दोन निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहेत. ग्राहकांना थेट सेवा देणारी कामं आणि मागे निवांत चालणारी हिशेबाची कामं वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवली असती, तर मध्यम आकाराच्या समूहात २० ते ३० टक्के जास्त यंत्रं लागली असती. शिवाय तातडीच्या कामांनी मागून घेतलेली पण न वापरलेली संसाधनं बोर्ग परत मिळवते आणि कमी तातडीच्या कामांना देते. सुमारे २० टक्के काम अशा परत मिळवलेल्या जागेत चालत होतं. ज्यांना केव्हाही बाजूला सारता येईल अशी कामं जवळ असली, की यंत्र भरलेलंही राहतं आणि गरज पडताच मोकळंही करता येतं. देखभालीच्या दृष्टीने ही फार मोलाची सोय आहे.

एकत्र की दूर?

गच्च भरणं हा मांडणीचा अर्धा भाग झाला. जे एकत्र बुडू नये ते वेगळं ठेवणं, हा उरलेला अर्धा. एकाच सेवेच्या तीन प्रती एकाच सर्व्हरवर ठेवल्या, तर त्या मोजायला तीन आणि उपयोगाला एकच. तेच रॅकचं, विजेच्या एका फीडरचं आणि इमारतीचं.

फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच या कंपनीच्या आवारात आग लागली. एक डेटा सेंटर पूर्ण जळालं, शेजारच्या दुसऱ्याचा काही भाग गेला. अनेक ग्राहकांचा डेटा कायमचा नष्ट झाला. काहींनी बॅकअप घेतलेला होता, पण तो त्याच आवारात होता. त्यांच्याकडे दोन प्रती होत्या; दोन्हींचं नशीब एकच होतं.

मग सगळं दूरदूर का ठेवू नये? कारण अंतराला वेळ लागतो. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. मुंबई आणि पुणे यांच्यातली फेरी दीड-दोन मिलिसेकंदांत होते. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत सरळ रेषेत सुमारे १३,००० किलोमीटर. जाऊन-येऊन किमान १३० मिलिसेकंद, आणि केबलची वळणं धरली की त्याहून बरेच जास्त. बँकेच्या खात्यातली नोंद ‘पक्की झाली’ असं सांगण्याआधी ती दोन्ही ठिकाणी लिहून व्हावी असा नियम असेल, तर प्रत्येक व्यवहाराला ही फेरी करावी लागते. म्हणून क्षणोक्षणी जुळायला हव्यात अशा प्रती काही डझन किलोमीटरांच्या टप्प्यात ठेवतात आणि आपत्तीसाठीची प्रत दूरच्या शहरात. ॲमेझॉन एका प्रदेशातली आपली उपलब्धता क्षेत्रं (स्वतंत्र डेटा सेंटरांचे गट) एकमेकांपासून वेगळी ठेवते, पण शंभर किलोमीटरच्या आत.

कायद्याचीही एक मर्यादा असते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार आपल्या पेमेंट व्यवहारांचा डेटा भारतातच साठवावा लागतो. क्लाउड कंपन्या तोवर भारतात येऊ लागल्याच होत्या. मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत आपली केंद्रं सुरू केली. ॲमेझॉनचा मुंबई विभाग २०१६मध्ये आला आणि हैदराबादचा २०२२मध्ये. गूगलने २०१७मध्ये मुंबई आणि २०२१मध्ये दिल्ली निवडली. समुद्राखालच्या केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात, त्यामुळे देशाच्या डेटा सेंटर क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई आणि ऐरोली-महापे-रबाळे या नवी मुंबईच्या पट्ट्यात एकवटला आहे. या जवळिकीचे फायदे उघड आहेत. पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिडमधल्या बिघाडाने मुंबई महानगराची वीज गेली, तेव्हा जवळजवळ असलेल्या इमारतींचं नशीब किती सामायिक असतं, हेही दिसलं. मुंबई आणि हैदराबाद अशी जोडी निवडण्यामागचं कारण यातून समजतं.

वेळ हेही संसाधन

आता मांडणी आणि बदल यांची गाठ कशी पडते, ते एका छोट्या हिशेबातून पाहू.

एक सेवा तीन क्षेत्रांत विभागली आहे. दुपारी प्रत्येक क्षेत्रावर क्षमतेच्या ६० टक्के भार असतो. एक क्षेत्र बंद पडलं, तर त्याचा भार उरलेल्या दोघांवर जाईल. प्रत्येकी ९० टक्के. ताण येईल, पण सेवा टिकेल. मांडणी करणारा समाधानी आहे, कारण त्याने एका बिघाडाची तरतूद केली आहे.

आता देखभालीसाठी पहिलं क्षेत्र दुपारीच रिकामं केलं. दोघांवर ९० टक्के भार आला. नेमका तेव्हा दुसऱ्या क्षेत्रात बिघाड झाला, तर तिसऱ्यावर १८० टक्के भार येईल आणि तेही कोसळेल. बिघाडासाठी राखलेली जागा आपणच देखभालीसाठी खर्चून बसलो होतो.

हीच देखभाल पहाटे तीनला करू, भार निम्मा असताना. प्रत्येक क्षेत्रावर ३० टक्के. एक रिकामं केलं, दोघांवर ४५ झाले. त्यातलं एक बिघडलं, तरी उरलेल्यावर ९० टक्के. यंत्रं तीच, मांडणी तीच; फक्त वेळ बदलली आणि दुहेरी संकट सोसण्याची ताकद आली. एकही नवा सर्व्हर विकत न घेता ही क्षमता मिळाली.

मुंबईकरांना हा हिशेब रविवारच्या मेगाब्लॉकमुळे चांगला ओळखीचा आहे. माटुंगा ते मुलुंडदरम्यान धीम्या मार्गावर काम असलं, की त्या गाड्या जलद मार्गावरून वळवतात. हे रविवारी जमतं, कारण त्या दिवशी गर्दी कमी आणि जलद मार्गावर जागा असते. वेळापत्रक आधी जाहीर होतं आणि जलद-धीमे दोन्ही मार्ग सहसा एकाच वेळी एकाच पट्ट्यात घेत नाहीत.

क्लाउडची अडचण अशी, की त्याला रविवार हक्काचा मिळेलच असं नाही. अमेरिकेतली पहाट ही भारतातली दुपार असते. यूपीआयवरून महिन्याला हजार कोटींहून अधिक व्यवहार होतात आणि त्यांना सुट्टी ठाऊक नाही. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी लोक एकाच वेळी पाहत होते. अशा प्रसंगी, तसंच दिवाळीच्या खरेदीच्या किंवा निकालाच्या दिवशी, शहाणी टीम चेंज फ्रीझ जाहीर करते: या काळात कुणीही काहीही बदलायचं नाही. फ्रीझचंही एक ओझं असतं. थोपवलेले बदल साचतात, आणि फ्रीझ उठली की सगळे एकदम पुढे सरकतात. काही बिघडलं, तर कोणत्या बदलाने बिघडलं हे शोधणं अवघड होतं. म्हणून फ्रीझ थोड्या दिवसांची ठेवावी आणि साचलेले बदल एकेक करून सोडावेत.

क्रम कसा लावायचा?

वेळ ठरली, आता क्रम. समजा दोन मार्ग आहेत आणि दोन्ही जवळपास भरलेले आहेत. पहिल्यावरची एक मोठी वाहतूक दुसऱ्यावर न्यायची आहे आणि दुसऱ्यावरची पहिल्यावर. कागदावर आरंभ आणि शेवट दोन्ही ठीक आहेत. पण सगळ्या स्विचना नवा आदेश एकाच क्षणी लागू होत नाही. मधल्या काही क्षणांत दोन्ही वाहतुका एकाच मार्गावर येतात आणि डेटाची पाकिटं गळतात.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१३मध्ये स्वॉन या प्रणालीवरच्या निबंधात याचं सुरेख उत्तर दिलं. प्रत्येक मार्गावर थोडी जागा कायम मोकळी ठेवा. ती निम्मी असेल तर कोणताही बदल एका टप्प्यात गर्दीविना होतो. २५ टक्के असेल तर जास्तीत जास्त तीन टप्पे लागतात, आणि १० टक्के असेल तर नऊ. मोकळी जागा उरलीच नाही, तर टप्पे कितीही पाडले तरी सुरक्षित वाट सापडेल याची हमी नाही. मोकळी जागा आणि बदलाचा वेग यांचं नातं इतक्या नेमकेपणाने क्वचितच मांडलं गेलं असेल. ‘ही क्षमता वापरात नाही, कमी करा’ असं हिशेब विभाग सांगतो, तेव्हा आपण बदल करण्याची ताकद कमी करत असतो, हे त्या बैठकीत कुणीतरी सांगायला हवं.

सर्व्हरच्या बाबतीत हेच तत्त्व मायक्रोसॉफ्टच्या अझ्युरमध्ये सरळ मांडणीत उतरवलं आहे. एकाच सेवेची यंत्रं तिथे दोन प्रकारे विभागता येतात. एकत्र बिघडू शकणारी यंत्रं वेगळी करण्यासाठी कमाल तीन बिघाड-गट, आणि एकत्र अद्ययावत केली जाणारी यंत्रं वेगळी करण्यासाठी अद्ययावत-गट; हे वेगळं काही न सांगितल्यास पाच असतात आणि वीसपर्यंत वाढवता येतात. देखभाल एका वेळी एकाच अद्ययावत-गटात होते. कुबरनेटीसमध्येही ‘या सेवेच्या किमान इतक्या प्रती चालू राहिल्याच पाहिजेत’ असा नियम लिहून ठेवता येतो. तो मोडणार असेल, तर यंत्र रिकामं करण्याची क्रिया थांबून राहते. काम ठेवतानाच त्याच्या दुरुस्तीचा क्रम लिहून ठेवण्याची ही रीत मला फार महत्त्वाची वाटते.

बदल नवा असेल, तर आधी मोजक्या यंत्रांवर सोडतात, त्याला कॅनरी म्हणतात. मग थांबून चुका, वेग, मेमरी यांचे आकडे बघतात, मग एक क्षेत्र, मग दुसरं. मधला थांबा टाळण्याचा मोह नेहमीच असतो. त्याची किंमत १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल तेव्हा सगळीकडे एकदम गेली. ती ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणकांना फटका बसला होता. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. अशा फाइली टप्प्याटप्प्याने सोडण्याची पद्धत त्या कंपनीने नंतर आणली.

टप्पे पाडले म्हणजे धोका संपला असंही नाही. कॅनडातल्या रॉजर्स या दूरसंचार कंपनीचं नेटवर्क ८ जुलै २०२२ रोजी बंद पडलं. सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांचे फोन आणि इंटरनेट गेले. आणीबाणीच्या क्रमांकावर संपर्क होईना, डेबिट कार्डाचे व्यवहार अडले. सात टप्प्यांच्या अद्ययावतीकरणातला तो सहावा टप्पा होता. सुरुवातीला हे काम जास्त धोक्याचं मानलं होतं. आधीचे टप्पे सुरळीत गेल्यामुळे पुढच्यांचा धोका कमी ठरवला गेला. सहाव्या टप्प्यात राउटरवरचा एक गाळणीचा नियम काढला गेला आणि मार्गांच्या माहितीचा लोंढा मुख्य नेटवर्कवर आला. मागचे टप्पे नीट गेले, हा पुढच्या टप्प्याच्या सुरक्षिततेचा पुरावा होत नाही. प्रत्येक टप्पा काय बदलतो हे स्वतंत्रपणे तपासावं लागतं.

काही बदल उलटवता येत नाहीत, त्यांची आखणी आणखी जपून करावी लागते. डेटाबेसमधला एक रकाना काढून टाकला, की जुनं सॉफ्टवेअर परत आणून उपयोग नसतो. म्हणून आधी नवा रकाना जुन्याच्या जोडीला आणायचा, दोन्हींत नोंदी करायच्या, सगळं सॉफ्टवेअर नव्यावर आलं याची खात्री करायची आणि मगच जुना काढायचा. एका दिवसाचं काम काही आठवड्यांत पसरतं, पण शेवटचा टप्पा येईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर मागे फिरता येतं.

वाचवणाऱ्यांची वाट

मांडणीच्या चर्चेत बहुतेकदा विसरली जाणारी एक गोष्ट म्हणजे दुरुस्तीची साधनं. गूगलच्या २०१९च्या प्रसंगात ती तुंबलेल्या नेटवर्कवर अडकली. रॉजर्समध्ये अभियंत्यांना बिघाडाचं मूळ कारण सापडायला चौदा तास लागले, कारण यंत्रणेत शिरण्याची त्यांची वाटही त्याच बंद पडलेल्या नेटवर्कमधून जात होती. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकमध्ये मुख्य जाळ्याची क्षमता तपासण्यासाठी दिलेल्या एका आदेशाने सगळी केंद्रं एकमेकांपासून तुटली. असे आदेश अडवणाऱ्या तपासणी-साधनात दोष होता. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामसह सगळं सुमारे सहा तास बंद राहिलं. दुरून काहीच करता येईना, म्हणून अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं, आणि तिथल्या कडक सुरक्षेतून आत शिरायलाही वेळ गेला.

तिन्ही प्रसंगांतला धडा एकच. देखरेख, दूरस्थ प्रवेश, आपसांत बोलण्याचं साधन आणि मागे फिरण्याची सूचना-पुस्तिका या चार गोष्टी ज्या यंत्रणेला वाचवायचं आहे तिच्यावर ठेवायच्या नाहीत. ॲमेझॉनच्या २८ फेब्रुवारी २०१७च्या प्रसंगातून याला आणखी एक जोड मिळाली. एस-३ या साठवण सेवेत दुरुस्ती करताना आदेशात चुकीची नोंद झाली आणि ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले. काही तास इंटरनेटचा मोठा भाग रखडला. त्यानंतर ॲमेझॉनने ते साधनच बदललं. आता ते क्षमता सावकाश काढतं आणि किमान पातळीखाली जाऊ देत नाही. घाईत माणूस चुकणारच हे धरून वेगाची मर्यादा साधनातच घातली, हे योग्य झालं.

या सगळ्या आखणीत गणित आणि स्वयंचलन पुष्कळ मदत करतात. कोणतं यंत्र कोणत्या रात्री रिकामं करायचं, कोणते दोन बदल एकाच आठवड्यात नकोत, कुणाचा भार कुठे जाईल, हे हजारो यंत्रांसाठी माणसाने वहीत मांडणं अशक्य आहे. पण किती जागा मोकळी ठेवायची आणि कोणती सेवा शेवटपर्यंत जगवायची, हे निर्णय माणसांचे आहेत. ते घेतले गेले नाहीत, तर स्वयंचलित प्रणाली स्वस्तातली मांडणी निवडेल आणि तिचा दोष तिला देता येणार नाही.

आपल्यापैकी बहुतेकांकडे दहा हजार यंत्रं नसतात. पण पतसंस्था, रुग्णालयं, महाविद्यालयं, छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या आज क्लाउडवरच उभ्या आहेत. तुम्ही अशा ठिकाणी निर्णय घेणारे असाल, तर या आठवड्यात आपल्या तांत्रिक माणसांना चार प्रश्न विचारा. आपला बॅकअप दुसऱ्या शहरात आहे का, आणि तो परत भरून पाहिला आहे का? एक भाग बंद असताना दुसरा बिघडला, तर सेवा टिकेल का? पुढचा बदल कोणत्या टप्प्यांत होणार आहे आणि कोणत्या टप्प्यापर्यंत मागे फिरता येईल? सगळंच बंद पडलं, तर आपली माणसं एकमेकांशी कशावरून बोलतील? उत्तरं नसतील, तर त्यासाठी लागणारी मोकळी जागा आणि लागणारा वेळ पुढच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र रकान्यात लिहा, आणि काटकसरीची वेळ आली तरी त्या रकान्याला हात लावू नका.